खुर्ची… दे… नको

प्रश्न तिचाच होता. सकाळपासून ती तो टेबलाटेबलाशी घेऊन हिंडत होती: रोजच्या कामातलं असं कुठलं काम आहे, जे दुसऱ्या कुणी केलं तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल? लिफ्टची देखभाल करणारी ती कंपनी. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली, मध्येच अडकली, नुसती कुरकुरली तरी इथला फोन वाजायचा. धाकटे मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि आल्यापासून कृत्रिम बुद्धिमत्तेशिवाय त्यांच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. कोण काय काम करतं ते बाईंइतकं कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा कुणाला कुठलं एआय उपयोगी पडेल ते बाईंनीच शोधावं, असं सांगून ते मोकळे झाले. बाई म्हणजे ती. कचेरी इतकी वर्षं तिनेच सांभाळली होती, तेव्हा एआयही तिनेच सांभाळायचं, हे ओघाने आलं. तिने हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते. फोनवर बसणारी मुलगी तिला म्हणाली, अडकलेल्या माणसांना 'घाबरू नका, माणूस निघालाय' असं सांगून सांगून तोंड दुखतं, पण ते काम मात्र यंत्राला देऊ नका, त्यांना लगेच कळेल. हिशेबनीस चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, मला सगळंच नको झालंय, तरी निवृत्तीपर्यंत ते माझ्याकडेच राहू द्या. मामा सगळ्यांत शेवटी आले. मामा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक. धाकटे मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणत. चिंधीने बोटं पुसत ते उभ्याउभ्याच म्हणाले, की लिफ्ट दुरुस्त करायला जेवढा वेळ लागत नाही, तेवढा ती दुरुस्त केली हे लिहायला लागतो. ते कुणी घेत असेल तर घेऊन जा म्हणावं. तिने ते टिपून घेतलं. मामा वळले, दारापर्यंत गेले, आणि काहीतरी राहिल्यासारखे थांबले.

"आणि तुमचं, बाई? तुम्हाला कुठलं काम नको झालंय?"

ती सांगायला गेली की हजेरीचं. निदान तसं सांगावं असं तिने ठरवलं होतं. पण तोंड उघडल्यावर जिभेवर आलं ते वेगळंच होतं: डॉक्टरांच्या वाटचं बोलणं. लिफ्ट कधी कधी मजल्याच्या जराशी खाली थांबते, दार उघडतं, माणूस सवयीने पाऊल टाकतो आणि ठेचकाळतो. पडत नाही, पण हात धरायला काहीतरी शोधतो. तसं तिला झालं. तिने ओठ मिटले, बघते, सांगते मग, असं काहीतरी पुटपुटली, आणि मामा गेल्यावरही बराच वेळ कागदावर पेन टेकवून बसून राहिली. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

डॉक्टर म्हणजे तिचा नवरा. दातांचे डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा तिने थट्टेने त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली आणि थट्टा संपली तरी नाव राहिलं. त्यांच्याइतका बोलका माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. त्यांनी धंदाही असा निवडला होता, की समोरच्याने आ करून गप्प पडून राहायचं आणि बोलायचं फक्त यांनी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा दवाखाना होता. स्वयंपाकघरात काम करताना तिला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू येई. काय म्हणता, मुलीचं लग्न ठरलं? वा, छान झालं. जावई काय करतो? बँकेत असेल. नाही? मग शिक्षक. बघा, ओळखलं की नाही. तोंडात कापूस कोंबलेला माणूस नुसता घशातून हुंकार द्यायचा आणि त्या हुंकारावर डॉक्टर त्याचं अख्खं घरदार उभं करायचे. एकदा तिने विचारलं होतं, की त्यांना खरंच काय म्हणायचं असतं ते तुम्हाला कळतं का हो? डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, कळतं की, आणि नाही कळलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. तेव्हा ती हसली होती. दीड वर्षापूर्वी एका दुपारी भिंतीपलीकडचा तो आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला. तिला आधी वाटलं, फोन आला असेल. मग आ केलेला पेशंटच धावत आत आला, गळ्याला रुमाल तसाच बांधलेला, आणि त्याला काही केल्या सांगता येईना, कारण त्याची अर्धी जीभ बधिर केलेली होती.

मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात पुढे थोडा सुधारला, पायही काठीच्या आधाराने चालू लागला. शब्द मात्र आले नाहीत. यांना सगळं समजतं, इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, वाचताही बरंचसं येईल. फक्त मनातला शब्द ओठांपर्यंत येत नाही, येतो तो भलताच येतो, 'हो'च्या जागी 'नको', 'नको'च्या जागी 'हो'. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की घाई करायची नाही, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, वाट बघायची. त्या बाई चांगल्या होत्या. पण त्यांच्याकडे तासभर शांत बसायला मिळत होतं, आणि तिला सकाळी डॉक्टरांची आंघोळ, नाश्ता, गोळ्या उरकून कचेरीची बस गाठायची असे. दूध… आज… ते… एवढं ऐकून 'दूध आलं नाही का अजून' हे वाक्य ती पुरं करून टाके आणि दूधवाल्याला फोनही लावी. डॉक्टर गप्प बसत. हळूहळू व्यायामाला जाणंही बंद पडलं. लेकीचा परगावाहून फोन आला की डॉक्टर दोन शब्द बोलत आणि ती बाकीचे आठ घालत असे. बँकेत, शेजाऱ्यांशी, औषधाच्या दुकानात, सगळीकडे 'यांचं म्हणणं असं आहे' अशी तिची सुरुवात असे. एका तोंडाने दोन माणसांचं बोलायचं म्हणजे काय, ते तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. संध्याकाळ झाली की नुसता जबडा दुखायचा, आणि तिला वाटे, दाढ किडली असेल. घरात दातांचा डॉक्टर असून दाखवायची सोय नाही.

आणि खुर्ची होती. पुढच्या खोलीतला दवाखाना जसाच्या तसा होता. फिकट हिरवी, पाठ टेकून आडवं व्हायची ती भलीमोठी खुर्ची, तिच्यावर वाकलेला दिवा, थुंकायचं पांढरं भांडं, काचेच्या कपाटातली हत्यारं. कचेरीतून आल्यावर, पाय धुतले की आधी ती तिथे जाई. खुर्चीवरचं कापड काढायचं, सगळं पुसायचं, भांड्यात पाणी सोडून नळ गंजत नाही ना ते बघायचं, कापड पुन्हा घालायचं. डॉक्टर काठी टेकत दारात येऊन उभे राहत. आजारपणानंतर थोड्याच महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतली एक तरुण डॉक्टरीण येऊन गेली होती. नवा दवाखाना थाटत होती. खुर्ची आणि सामान द्यायचा विचार असेल तर मला सांगा, असं तिने फार अदबीने म्हटलं होतं. तेव्हा डॉक्टर कोचावर बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला आणि मोठ्या कष्टाने ते म्हणाले, "खुर्ची… दे… नको." तिला गलबलून आलं. तिने त्या मुलीला सांगितलं, यांना ती कुणाला द्यायची नाहीये, उद्या बरे झाले की इथेच बसायचंय त्यांना. मुलगी ओशाळून गेली, माफी मागून निघून गेली. त्यानंतर पुसायच्या वेळी डॉक्टर दारात उभे राहून कितीदा तरी तेच म्हणत. खुर्ची. दे. नको. आणि ती पुसता पुसता म्हणे, नाही हो देत, कशाला देईन, असू दे की. कधी कधी ते काठी जमिनीवर आपटत. तिला वाटे, विश्वास बसत नाही बिचाऱ्यांचा.

कचेरीत पुढचे काही आठवडे साधनं धुंडाळण्यात गेले. नावं तरी किती होती त्यांची. एक बैठकीतलं बोलणं ऐकून त्याचा सारांश काढायचं. धाकट्या मालकांच्या लांबलचक भाषणाचा त्याने चार ओळींत निकाल लावला तेव्हा हिशेबनीस पहिल्यांदाच त्या यंत्राबद्दल आदराने बोलले. एक तक्रारींना उत्तरं लिहून द्यायचं, इतकी गोड, की ग्राहकांनी उलट फोन करून विचारलं, कंपनी विकली का? त्यातलं बहुतेक ती वापरून बघे आणि बाजूला ठेवी. मामांसाठी मात्र तिला खरंच कामाचं काहीतरी सापडलं. मेकॅनिकने फोनमध्ये नुसतं बोलायचं, तेलकट हातांनी, येतील तसे तुटक शब्द: तिसरा मजला, दार, घासतंय, रोलर गेलेला, बदलला. आणि यंत्र त्याचा अहवाल करून देई: तिसऱ्या मजल्यावरील दाराचा रोलर झिजल्याने दार घासत होते, रोलर बदलून दार पूर्ववत करण्यात आले. मामांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, च्यायला, हा तर माझ्यापेक्षा शहाणा निघाला. आठवडाभर सगळे खूश होते. तिलाही बरं वाटलं. निदान एका माणसाचं ओझं उतरवलं, म्हणून बसमध्ये तिने डोळे मिटून घेतले होते.

मग एका सकाळी मामा छापलेला अहवाल घेऊन तिच्या टेबलाशी आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, की लिफ्टचे दोर तपासले असता सुस्थितीत आढळले.

"बाई, हे मी बोललो नाही."

तिने त्यांनी फोनमध्ये बोललेलं पुन्हा लावून ऐकलं. दाराबद्दल होतं, बटणाबद्दल होतं, पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दलही होतं. दोरांबद्दल चकार शब्द नव्हता. मामा म्हणाले, मी दोर बघितलेच नाहीत. दाराचं काम होतं, दार बघितलं आणि आलो. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, याने लिहून दिलंय. यंत्राला असं का वाटलं असेल, ते तिने आपल्या परीने सांगायचा प्रयत्न केला. असल्या कागदांत बहुतेक वेळा ते वाक्य असतं, म्हणून त्याने इथेही ते असेल असं धरलं. मामांनी मान हलवली. वाक्य चांगलंच आहे, ते म्हणाले, हीच तर पंचाईत. वाईट असतं तर कुणाच्याही डोळ्यांत आलं असतं. तिने त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला सारून ते साधन दिवसभर खटपट करून बदलून घेतलं. आता ते एकेक वाक्य मेकॅनिकला वाचून दाखवी, आणि तो हो म्हणाला तरच ते अहवालात जाई. नाही म्हणाला तर जागा कोरी राही.

संध्याकाळी बसमध्ये तिला उभं राहावं लागलं. वरच्या कड्याला लटकून ती काचेबाहेर बघत होती. दुकानांचे दिवे लागत होते, एका पायरीवर एक बाई बूट काढून तळवा चोळत बसली होती. हे मी बोललो नाही. मामांनी किती सरळ सांगितलं. बोलता येणाऱ्या माणसाला ते सांगता येतं. तिला दूध आठवलं. तो दूधवाला. डॉक्टर त्या दिवशी दूध आलं नाही असंच म्हणत होते कशावरून? दूध, आज, ते. दूध आज उतू गेलं. दूध आज तेवढं गरम नको. दूधवाल्याचा मुलगा आज तो नवा सदरा घालून आला होता. काय वाटेल ते असेल. तिने फोन लावला होता आणि डॉक्टर गप्प बसले होते, आणि गप्प बसले म्हणजे बरोबर होतं, असं तिने धरलं होतं. कुणाचं काही बिघडत नाही. बसने वळण घेतलं आणि तिने कडं घट्ट धरलं. घरी जाऊन काय करायचं ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण पुसायला जायचं नाही, एवढं तिच्या पायांनी आपणहून ठरवलं.

डॉक्टर दवाखान्याच्या दारात नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले होते. ती आत गेली नाही. तिने त्यांना हाताला धरून जेवणाच्या टेबलाशी आणून बसवलं, चहा केला, आणि फोन काढला. कचेरीत ज्याच्याशी टाइप करून बोलायची तिला सवय झाली होती, त्याच एआयला तिने लिहिलं, की माझ्या नवऱ्याला पक्षाघातानंतर नीट बोलता येत नाही, समजतं सगळं. तो 'खुर्ची, दे, नको' असं वारंवार म्हणतो. याचे काय काय अर्थ होऊ शकतील? उत्तर लगेच आलं. चार-पाच वाक्यं होती, आणि खाली लिहिलं होतं, की यातलं कुठलं खरं हे मला सांगता येणार नाही, ते त्यांनाच सांगता येईल. एकेक वाक्य मोठ्या अक्षरांत दाखवा, आणि यातलं एकही नसेल असंही होऊ शकतं हे त्यांना आधी सांगा. तिने ते त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. पहिलं वाक्य होतं: खुर्ची कुणाला देऊ नकोस. डॉक्टरांनी मान हलवली. नाही. आजारपणात हो आणि नको यांची अदलाबदल होते, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तेच पुन्हा दाखवलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी डोळे मिटून, जशी एखाद्या मुलाला तिसऱ्यांदा तेच सांगावं लागल्यावर हलवतात. मग त्यांनी डाव्या हाताने फोन आपल्याकडे ओढला. वाक्यं वर सरकवत गेले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथून हललं नाही.

खुर्ची देऊन टाक. मला ती नको.

स्क्रीन काळी झाली तरी बोट तिथेच होतं. तिने फोन काढून घेतला, ओळींची उलटापालट केली, ते वाक्य खाली नेऊन पहिल्याच्या जागी दुसरंच ठेवलं, आणि पुन्हा समोर धरला. डॉक्टरांनी शोधून काढून त्याच वाक्यावर बोट ठेवलं. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि तिला त्या डोळ्यांत राग दिसेल असं वाटलं होतं, तो नव्हता. तिथे होता तो नुसता शीण. तिच्याइतकाच.

"मग इतके दिवस मी काय पुसत होते?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. तिने त्यांच्या वतीनेही दिलं नाही. चहावर साय धरली. त्या रात्री जेवण नीट झालं नाही आणि पुढचे दोन-तीन दिवस ती त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. राग त्यांचा होता की स्वतःचा, तेही तिला सांगता आलं नसतं. आठवत बसायची. ती मुलगी पहिल्यांदा विचारायला आली, तेव्हा डॉक्टरांच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे आपण खरंच पाहिलं होतं का? की आधीच मुलीकडे वळलो होतो, उत्तर तयार असल्यासारखे? आपलं वाक्यही चांगलं होतं. आजारी नवरा, त्याची जपून ठेवलेली खुर्ची, तिच्यावरची धूळ रोज पुसणारी बायको. असल्या घरांत बहुतेक वेळा तेच वाक्य असतं. खुर्ची तिथे होती तोवर डॉक्टर डॉक्टर होते, पेशंट नव्हते. त्यांची थोडे दिवस सुटी चालली होती, एवढंच. आणि ती त्या डॉक्टरांची बायको होती. खुर्ची गेली तर ती कोण, हे तिला ठरवावं लागलं असतं. हे तिला दिसलं तेव्हा ती कचेरीच्या जिन्यात होती, हातात फायली, आणि खालून येणाऱ्या फोनवरच्या मुलीने विचारलं, बाई, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, नाही, बरंय. मग तिथल्या तिथे दुरुस्त करून म्हणाली, नाही वाटत गं फारसं. ती मुलगी तिच्या फायली घेऊन मुकाट्याने सोबत वर चढली.

तिने फोन करून बोलावलं आणि रविवारी ती तरुण डॉक्टरीण आली. तिचा दवाखाना सुरू झाला होता, पण एक खुर्ची पुरत नव्हती. ती पुढच्या खोलीत गेली, कापड बाजूला करून तिने खुर्चीवरून हात फिरवला, आणि मागे वळून तिने बाईंना नव्हे, डॉक्टरांना विचारलं, "सर, ही मी नेऊ का?" बाईंचं तोंड उघडलं होतं. हो हो, यांचंच म्हणणं आहे की. सगळं वाक्य दातांमागे येऊन उभं होतं. तिने दात मिटले. डॉक्टर काठीवर रेलून उभे होते. त्यांचे ओठ हलले, थांबले, गळ्याची शीर ताणली गेली, पुन्हा ओठ हलले. रस्त्यावरून एक मोटार गेली, तिच्यामागून दुसरी. तिला वाटलं, आता आपणच मध्ये पडलो नाही तर हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत कोसळेल. आणि तेवढ्यात ते म्हणाले,

"ने."

एवढंच. एका अक्षराचा शब्द, पण तो त्यांचा होता, आणि तो बरोबर होता. मुलगीही समजली, कारण तिने वाकून त्यांना नमस्कार केला. माणसं आली, त्यांनी फरशीतले बोल्ट सोडवले, पाण्याची नळी बंद केली, खुर्ची आडवी करून दारातून काढता काढता चौकटीचा थोडा रंग गेला. डॉक्टर शेवटपर्यंत उभे होते. आपण रडू असं तिला वाटलं होतं. तिला नुसती भूक लागली.

त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. तिने काय काय तपासलं, कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये, ते तिने सांगितलं. मामांच्या अहवालाचं साधन सगळ्यांत उपयोगी आहे, असंही सांगितलं. धाकटे मालक खूश झाले. फक्त ते एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि मेकॅनिककडून होकार घ्यायचा, ते काढून टाका म्हणाले, त्यात वेळ जातो, आणि चूक काय कधीतरीच होते. मामा खिडकीपाशी उभे होते; ते तिच्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते. तिला फार थकवा आला होता. हो म्हणून टाकलं असतं तर बैठक संपली असती आणि तिला बसायला मिळालं असतं.

"ते काढायचं असेल तर हे घेऊ नका," ती म्हणाली. "जे माणूस बोलला नाही, ते त्याच्या नावावर जाता कामा नये."

"अहो बाई, वेळ वाचावा म्हणूनच तर आपण हे आणतोय."

"वाचतोय की. सगळा नाही वाचत."

धाकट्या मालकांनी हिशेबनिसांकडे बघितलं, हिशेबनिसांनी छताकडे. मग ते म्हणाले, ठीक आहे, सध्या राहू दे तसंच, पुढे बघू. 'पुढे बघू' म्हणजे ते पुन्हा हा विषय काढणार, हे तिला ठाऊक होतं, आणि तेव्हा पुन्हा हेच सांगावं लागेल हेही. बाहेर पडताना मामा नुसते तिच्या शेजारून चालत आले. जिन्यापाशी त्यांनी तिला आधी जाऊ दिलं.

घरी आली तेव्हा अजून उजेड होता. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. डॉक्टरांनी दुपारी शेजाऱ्याच्या मदतीने आपली आरामखुर्ची आणि एक छोटं टेबल तिकडे नेऊन ठेवलं होतं, हे तिला फटीतून दिसलं. उशीसुद्धा नेली होती. त्या खोलीत उजेड चांगला येई. ते पाठमोरे बसले होते, गुडघ्यावर फोन. लेकीने त्यांच्यासाठी फोनवर तेच एआय, वाक्यं मोठ्याने वाचून दाखवील असं, घालून दिलं होतं आणि ते वापरायचं कसं, हे व्हिडिओवर दाखवलं होतं. बापलेकींनी मिळून काय उद्योग चालवले होते, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला क्षणभर वाईट वाटलं, बाहेर ठेवल्यासारखं. दार ढकलायला तिने हात वर केला आणि मग खाली घेतला. आतल्या खोलीत जाऊन ती भिंतीला पाठ लावून पलंगावर बसली, चपला पायांतच होत्या. भिंतीपलीकडून फोनचा एकसुरी आवाज एक वाक्य बोलला. डॉक्टर म्हणाले, नको. फोन दुसरं वाक्य बोलला. नको. तिसरं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग डॉक्टरांचा आवाज, मोठा, चिडका, चाचपडत निघालेला: दोन शब्द, त्यांच्यामध्ये लांबलचक खंड, आणि पुन्हा एक शब्द, तो तिने पूर्वी कधी ऐकलाही नव्हता, किंवा ऐकला असला तरी आता ओळखू येत नव्हता. त्यांनी तो पुन्हा म्हणून पाहिला. थोडा वेगळा झाला. पुन्हा म्हटला. ते काय सांगत होते, ते तिला कळलं नाही. लेकीला सांगत होते, की त्या डॉक्टरीणबाईंना, की स्वतःलाच, तेही कळलं नाही. ती उठली नाही. डोकं मागे टेकवून ती ऐकत राहिली, आणि तो शब्द चौथ्यांदा की पाचव्यांदा येत असतानाच तिला बसल्या बसल्या झोप लागली.